बाबांचे चिखलपत्रे

लातूर
सोमवार, १५ जुलै

आई,

बाबांना काहीही झालेलं नाही. पुढचं वाचायचं नसेल तर वाचू नकोस, पण एवढं वाक्य खरं धर. कॅन्सर नाही, किडनी नाही, हृदयाचं काही नाही.

काल सिंधुमावशीचा औशाहून फोन आला होता. म्हणाली, "ताई रडून राहिली बघ. उद्धवराव दर रविवारी अहमदपूरला मित्राकडं जातो म्हणतात अन् उतरतात लातूरला. कोणता दवाखाना हाय ते तुला ठाऊक असंल तर सांग बाई." मी तिला काहीच बोलले नाही, कारण बाबांनी मला शपथ घातली होती. आज ती मोडते आहे. शपथेपेक्षा तुझं रडणं मला जड वाटलं.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचं अक्षर ओळखून न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता मी शिकवते त्या क्लासमधल्या शिल्पाकडून लिहून घेतला आहे.

बाबा रविवारी आमच्याकडे येतात. आमच्याकडे म्हणजे एमआयडीसीत धम्मदीपचं वर्कशॉप आहे तिथे. आमचं लग्न झाल्यापासून तीन वर्षं तू त्याचं नाव घेतलेलं नाहीस, तेव्हा तो काय करतो हेही तुला माहीत नसेल. डाळमिलला लागणाऱ्या पत्र्याच्या पन्हाळी आणि डाळ ओतायचे हॉपर बनवतो. आणि उरलेल्या वेळात तो एक गाडी बनवून राहिला आहे. रेसची असते तसली, बुटकी, लाल, दोनच माणसांची. हिचं सगळं सुटं मिळतं: लोखंडी सांगाडा, वरचं फायबरचं अंग, नळ्या, बोल्टांच्या पिशव्या. इंजिन जुन्या गाडीचं आणून बसवायचं. कशासाठी, असं तू विचारशील. मीही विचारलं होतं. तो म्हणाला, "डाळीच्या पन्हाळी करून करून जीव विटला माझा."

बाबा पहिल्यांदा आले ते संक्रांतीनंतर. शेडच्या दाराबाहेर उभे. आत या म्हटलं तर येईनात. मग धम्मदीपला म्हणाले, "लग्नाला आलो न्हाई मी. गाडी बघायला आलो." तो म्हणाला, "बघा की." आणि बाबा आत आले. लग्नाबद्दल दोघं त्यानंतर एक शब्दही बोललेले नाहीत, निदान माझ्यासमोर तरी.

आता तुझ्या मनात जे जे असेल त्याचा उलगडा करते. बाबा बारीक झाले, कारण दिवसभर गाडीखाली आडवे होऊन काम करतात. थकून येतात तेही त्यामुळेच. हाताला पट्टी होती ती सुईची नव्हे, पत्र्याची धार लागली होती, थोडीशीच. आणि जूनमध्ये त्यांनी स्वतःचे कपडे स्वतः धुतले, ते तुझ्यापासून रक्त वगैरे लपवायला नाही. चिखल लपवायला.

त्या दिवशी गाडी पहिल्यांदा चालवली. रस्त्यावर चालवायला नंबर लागतो आणि अशा गाडीला तो मिळणं महाकठीण, म्हणून टेम्पोत घालून साखर कारखान्याच्या आवारात नेली. पावसाळ्यात कारखाना बंदच असतो, आणि तिथला वॉचमन बजरंग धम्मदीपच्या शाळेतला. आदल्या दिवशी पाऊस झालेला. धम्मदीप चालवायला, बाबा शेजारी. एक फेरी झाली आणि गाडी बंद. चाकांच्या वरच्या पोकळीला आतून काहीच नव्हतं. चाकांनी उडवलेला सगळा चिखल इंजिनात, दारांच्या फटीत आणि या दोघांच्या अंगावर. उतरले तेव्हा ओल्या मातीच्या गणपतीसारखे दिसत होते. आई, मी बाबांना इतकं हसताना कधी पाहिलं होतं ते मला आठवेना.

आता चाकाआड बसवायचे पत्रे करायचं काम चालू आहे. धम्मदीप त्यांना स्प्लॅश पॅनल म्हणतो, बाबा चिखलपत्रे म्हणतात. ते बसेपर्यंत बाबा दर रविवारी येणार. अडवू नकोस. आणि मी तुला सांगितलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

देविका

लातूर
मंगळवार, २३ जुलै

आई,

तुझं उत्तर आलं नाही, पण हातमोजे आले.

बाबांनी रविवारी पिशवीतून डबा काढला आणि त्याच्याखाली चामड्याचे नवेकोरे हातमोजे निघाले. बाबा खुर्चीत बसूनच गेले. "हे मी न्हाई घेतले," म्हणाले. "देवके, तिला कळलं का काय?" मी म्हटलं, "मला काय ठाऊक?" धम्मदीपनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तो लगबगीनं कंप्रेसर बघायला गेला. त्याला माझं खोटं लगेच कळतं.

पुढचा अर्धा तास बाबांचं कामात लक्ष नव्हतं. "कुसुम काही बोलली न्हाई. नेहमीसारखा चहा दिला. बस चुकंल म्हणाली." मग त्यांनी मोजे घातले, बोटं दोनदा उघडमीट करून बघितली आणि म्हणाले, "माप तर बरोबर हाय."

आता तुझ्यापाशी लपवून काय करू. हाताला लागलं ते थोडं नव्हतं. दोन टाके पडले होते. म्हणजे सिंधुमावशी म्हणत होती ते तेवढ्यापुरतं खरंच, एकदा बाबा दवाखान्यात गेले होते. बाकी मी लिहिलं त्यात खोटं काही नाही.

तू मोजे धाडलेस म्हणजे तू पत्र वाचलंस. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चिखलपत्रा म्हणजे दिसायला काहीच नसतं. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा. चाकाच्या मागे, वरच्या फायबरच्या अंगाच्या आणि आतल्या सांगाड्याच्या मधली फट बुजवायची. गाडीच्या सुट्या सामानाबरोबर कापलेले पत्रे आले होते, पण ते एकही धड बसत नाहीत. कारण फायबरचं अंग हातानं केलेलं असतं. डावी बाजू उजवीसारखी नाही. बाबांना हे पटतच नव्हतं. पाटबंधारे खात्यात उभा जन्म नकाशे काढले ना त्यांनी. डाव्या बाजूचं सुरेख ड्रॉइंग काढलं आणि म्हणाले, "आता हेच उलटं करायचं, उजवी तयार." धम्मदीप म्हणाला, "बाबा, पुठ्ठा कापून बघूया आधी." बाबा म्हणाले, "पुठ्ठा कशाला? कागदावर आलंय की." तो म्हणाला, "कागदावर आलंय, गाडीवर न्हाई यायचं." असं करत दुपार झाली. दोघांचेही आवाज चढले. सासूबाई शेडमागच्या घरातून जेवायला बोलवायला आल्या तर त्या दारातच थांबल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भांडून राहिले का गं?" मी म्हटलं, "हाव." तर त्या म्हणाल्या, "मग बरं हाय. आता घरचे झाले."

शेवटी पुठ्ठाच कापला. आई, मजा वाटेल तुला, डाव्या बाजूचा पुठ्ठा उजवीकडे धरला तर वरच्या टोकाला बोटभर फट. बाबांनी त्या फटीत बोट घालून पाहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवून म्हणाले, "चला, दुसरा पुठ्ठा आण."

आता पुठ्ठ्यावरून पत्रा आखायचा, कापायचा, कडेला वाकवायचा. फायबरला पत्रा थेट टेकू द्यायचा नाही, घासतो आणि खडखडतो, म्हणून त्या कडेला रबराची पट्टी. मग भोकं पाडून रिव्हेटचे खिळे ठोकायचे. रिव्हेट ठोकताना पत्रा आतून धरायला माझेच हात बारीक आहेत, म्हणून मीही कामाला.

तू पुढं काही धाडलंस तर भाजणीच्या चकल्या धाड. बाबा एकटेच खातात त्या बसमध्ये, आम्हाला नुसती तेलकट पिशवी दिसते.

देविका

लातूर
रविवार, ११ ऑगस्ट

आई,

आज बाबा आले नाहीत.

नेहमीच्या बसला मी स्टँडवर गेले होते. मग पुढच्या बसला थांबले. फोन बंद लागतो. सिंधुमावशी निलंग्याला लग्नात आहे, तिला काही माहीत नाही. तुलाही लावून पाहिला, आणि काय झालं ते तुला माहीत आहे.

गेल्या रविवारचं सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. सगळे पत्रे बसवून झाले होते. बाबा इतके खूश होते की गाडीभोवती फिरून प्रत्येक रिव्हेटवरून बोट फिरवत होते. मग धम्मदीपनं स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि उजव्या बाजूला टायर पत्र्याला घासलं. कर्रर्र असा आवाज आला. चाक जॅकनं वर उचललं तर आणखी घासलं. म्हणजे गाडी खड्ड्यात गेली की टायर पत्रा कापणार, नाही तर पत्रा टायर कापणार. नेमका तोच पत्रा बाबांनी एकट्यानं आखला होता. चाक सरळ ठेवून माप घेतलं होतं, वळवून बघायचं राहून गेलं.

धम्मदीप म्हणाला, "काही न्हाई, रिव्हेट काढू, दुसरा करू." पण बाबांचा चेहरा उतरला. जाताना म्हणाले, "मी इथं येऊन तुमचं काम वाढवून राहिलो." मी बसपर्यंत काय काय बोलले, पण त्यांनी खिडकीतून नुसता हात हलवला.

तेव्हापासून तो जुना पत्रा काढून ठेवला आहे. धम्मदीप रोज तिथं जाऊन उभा राहतो. आज दुपारी मी म्हटलं, तू एकट्यानं कर, संपव. तर म्हणाला, "बाबा आल्याशिवाय भोक पाडणार न्हाई मी." पहिल्यांदाच मला त्याचा राग आला आणि लगेच रडूही आलं.

ते रागावून आले नसतील तर ठीक. तू थांबवलं असशील तर तेही सांग, मी भांडणार नाही. पण बरं नसेल तर मला कळू दे. पहिल्या पत्रात मी मोठ्या तोंडानं लिहिलं की त्यांना काही झालेलं नाही. आता माझाच त्यावर विश्वास बसेना. सत्तरीला आलेत ते. पावसात भिजून येतात, जातात. हे सगळं मी होऊ दिलं, कारण रविवारी बाबा येतात ही गोष्ट मला हवी होती.

एकच शब्द पाठव. मावशीमार्फत पाठव, कुणामार्फतही पाठव.

देविका

लातूर
सोमवार, १९ ऑगस्ट

आई,

तुम्ही दोघं नीट पोचलात हे बाबांनी कळवलं. तरी लिहिते आहे. काल तू इथं होतीस तेव्हा तुझ्याशी धड बोलताच आलं नाही. पाच-सहा वाक्यं मनात जुळवून ठेवली होती, आणि तू समोर आलीस तेव्हा "बस वेळेवर होती का?" एवढंच निघालं.

मला मंगळवारी मावशीकडून कळलंच होतं की बाबांना ताप आहे आणि उतरतो आहे. तेवढ्यावर मी पोटभर जेवले. पण रविवारी रिक्षा शेडसमोर थांबली, शाल गुंडाळलेले बाबा उतरले आणि मागून तू उतरलीस, तेव्हा माझ्या हातातली पक्कड खाली पडली. धम्मदीप गाडीखाली होता. मी म्हटलं, "बाबा आलेत." तो म्हणाला, "बरं झालं." मी म्हटलं, "आई पण." मग गाडीखाली पाना हळूच जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला.

तू आत आलीस. सासूबाईंनी पाणी आणलं, तू "नको" म्हणालीस. खरं सांगते, मला वाटलं की झालं, आता तू बाबांना घेऊन परत जाणार. सासूबाईंनी तांब्या हळूच बाकावर ठेवला आणि काही घडलंच नाही अशा थाटात त्या घरात गेल्या.

तू खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "उजवीकडचं टायर कोणतं?"

कुणालाच कळेना. तू म्हणालीस, "तीन दिवस ताप होता यांना. तीन दिवस एकच. उजवीकडचं टायर घासतंय, उजवीकडचं टायर घासतंय. शेजारच्या बाई विचारून राहिल्या, स्कूटर घेतली का म्हणून. मला ते टायर बघायचंय."

बाबा खाली मान घालून हसत होते. त्यांनी तुला तापात सगळं सांगून टाकलं आणि तू म्हणालीस, "मला महिन्यापूर्वीच ठाऊक हाय, झोपा आता," हे त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणजे इतके दिवस ते तुझ्यापासून लपवत होते, तू त्यांच्यापासून लपवत होतीस, आणि मी दोघांपासून. घर असं कुठं असतं का, आई?

मग जे झालं ते तू पाहिलंसच. पण तू बाबांकडे बघत होतीस, मी तुझ्याकडे. म्हणून माझ्या बाजूनं सांगते. धम्मदीपनं चाक पूर्ण वळवून धरलं. बाबा खुर्चीतूनच पुठ्ठ्यावर पेन्सिल चालवत होते. तू उठून गाडीजवळ गेलीस, वाकलीस आणि म्हणालीस, "इथं अजून घासंल." बाबा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं?" तू म्हणालीस, "डोळे हायत की मला." आणि तिथं खरंच घासत होतं. धम्मदीपनं मान डोलावली, पण तुझ्याकडे बघायचं धाडस झालं नाही त्याचं. नवा पत्रा कापला, कडेला आतून वाकवला, रबर लावलं. मी आतून धरलं. शेवटचा रिव्हेट बाबांनी ठोकला, तुझे मोजे घालून.

कारखान्यावर जाताना सासूबाईही बरोबर निघाल्या, आणि टेम्पोत तू माझ्या शेजारी बसलीस. वाटेत एकदा माझ्या केसांत अडकलेला ॲल्युमिनियमचा कीस काढून बाहेर टाकलास. तेवढंच. मी खिडकीबाहेर बघत राहिले, नाही तर तिथंच बांध फुटला असता.

आवारात पाणी साचलेलं होतं. बजरंगनं फाटक उघडलं आणि स्वतः चिखल उडणार नाही इतक्या लांब जाऊन उभा राहिला, त्याला जूनची आठवण होती. बाबा गाडीकडे निघाले तर तू त्यांची शाल मागून धरलीस. "कालपरवा ताप उतरलाय. जागचं हलायचं न्हाई." बाबा म्हणाले, "अगं, शेजारी कुणीतरी बसायला पाहिजे. टायर घासतंय का ते ऐकायला." मी पुढे झाले. आणि तू म्हणालीस, "तू सर. मी बसते. ज्यानं तीन दिवस झोपू दिलं न्हाई त्याचा आवाज मलाच ऐकू दे."

आई, ती गाडी इतकी बुटकी आहे की तिच्यात बसावं लागत नाही, उतरावं लागतं. तू पदर खोचलास, एका हातानं माझा खांदा धरलास आणि उतरलीस. धम्मदीपचा चेहरा तू पाहिला नाहीस. परीक्षेला बसलेल्या पोरांचे इतके चेहरे मी रोज पाहते, पण असा नाही पाहिला.

गाडी निघाली. पहिली फेरी कोरड्यातून. दुसऱ्या फेरीला तो थेट पाण्यात गेला. दोन्ही बाजूंनी चिखलाच्या भिंती उठल्या आणि तुम्ही दिसेनासे झालात. बाबांनी माझं मनगट आवळून धरलं होतं. मग त्या चिखलातून लाल तोंड बाहेर आलं. इंजिन चालू होतं. फाटकापाशी त्यानं पूर्ण वळण घेतलं, आम्ही सगळे कान देऊन उभे, आणि इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही. बाबा नुसते "न्हाई घासलं, न्हाई घासलं" म्हणत राहिले.

गाडी थांबली आणि तू बाहेर आलीस. फिक्या पिवळ्या साडीवर चिखलाचा एक ठिपका नव्हता. केस मात्र सगळे उभे. तू म्हणालीस, "पाणी आणा गं कुणीतरी, घसा कोरडा पडला ओरडून." सासूबाईंनी बाटली दिली, तू ती निम्मी संपवलीस, आणि त्या दोन्ही हातांनी झाकण धरून तुझ्यासमोर उभ्या होत्या. मग त्यांच्या घरी तू भाकरी खाल्लीस, दुसरी मागून घेतलीस. ते मी जास्त लिहीत नाही. तुला अवघडल्यासारखं होईल.

मी लिहायला बसले ते एका दुसऱ्याच गोष्टीसाठी. तुम्हाला बसमध्ये बसवून आम्ही दोघं परत आलो. धम्मदीप गाडी पुसत होता. मी म्हटलं, चला, झालं एकदाचं, पत्रे टिकले. त्यानं वर पाहिलं नाही. मला वाटलं दमला. मग फडकं बादलीत टाकून म्हणाला, "पाण्यात गेलो तेव्हा तुझी आई काय ओरडल्या, ऐकलंस?"

मी म्हटलं, "इतक्या आवाजात काय ऐकू येणार? घाबरली असेल."

"म्हणाल्या, अरे धम्मदीप, हळू चालव की!"

मी म्हटलं, "मग? वेगातच होतास तू."

"वेगाचं न्हाई गं," तो म्हणाला. "अरे म्हणाल्या मला. अरे. आणि नाव घेतलं." आणि वळून पुन्हा तीच पुसलेली जागा पुसायला लागला. कितीतरी वेळ पुसत होता.

तुझी,
देविका